सी-इन, सी-आउट आणि त्यांना आवरणारी फंक्शने: सी प्लस प्लस शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

काही वर्षांपूर्वी सोलापुरातील अक्कलकोट रोड एमआयडीसीमधल्या एका लहान टॉवेल कारखान्यासाठी मी गोदामाची नोंद ठेवणारा छोटासा प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये लिहिला होता. तो तीनच प्रश्न विचारत असे: मालाचे नाव, नगांची संख्या आणि दर. उत्तरे मिळाली की तो त्यांची एक ओळ फाइलमध्ये लिहून पुढच्या मालाकडे वळे, आणि नावाच्या जागी नुसते शून्य टाइप केले की थांबे. माझ्या टेबलावर तो आठवडाभर निर्धोक चालला. कारखान्यात मात्र पहिल्या अर्ध्या तासातच गोदाम सांभाळणाऱ्या मामांनी संख्येच्या जागी इंग्रजी आकड्यांत बारा आणि त्यापुढे ‘डझन’ असे टाइप केले, आणि पडद्यावर तेच तीन प्रश्न उत्तराची वाट न पाहता धबधब्यासारखे कोसळू लागले. प्रोग्राम बंद करेपर्यंत फाइलमध्ये बारा नग आणि शून्य रुपये दर असलेल्या त्याच टॉवेलच्या हजारो ओळी जमा झाल्या होत्या.

चूक मामांची नव्हती, माझी होती. कीबोर्डवरून वाचणारा सी-इन आणि पडद्यावर लिहिणारा सी-आउट ही दर वेळी नव्याने सुरू होणारी यंत्रे आहेत, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात इनपुट-आउटपुटच्या प्रत्येक प्रवाहाला, म्हणजे स्ट्रीमला, मागचे लक्षात राहते. आधीच्या लेखनातून किंवा वाचनातून उरलेली अक्षरे, आधी झालेली चूक, आधी ठरवून दिलेली मांडणी आणि फाइलमध्ये आपण कोठवर पोहोचलो ते स्थान, या चारही गोष्टी तो पुढच्या आज्ञेपर्यंत जपून ठेवतो. प्रवाह नियंत्रित करणारी फंक्शने या स्मरणात हात घालण्यासाठी असतात. पुढील मजकूर याच क्रमाने लिहिला आहे, आणि गोदामाचा तोच प्रोग्राम शेवटपर्यंत सोबत ठेवला आहे.

आधी थोडी तयारी

फंक्शनांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मधली आडवी रेघ वगळून टाइप करावीत. अपवाद तीनच: ‘सिंक-विथ-एसटीडीआयओ’ आणि ‘न्यूमेरिक-लिमिट्स’ यांत आडव्या रेघेच्या जागी अंडरस्कोर (_) द्यावा, आणि ‘आयओएस-अॅप’मध्ये दोन अपूर्णविराम (::). ‘सेट-डब्ल्यू’ असे येथे दिसेल तेथे ‘सेट’ हा इंग्रजी शब्द आणि त्याला चिकटून डब्ल्यू हे एकच अक्षर, असे समजावे. प्रोग्रामच्या आरंभी आयओस्ट्रीम ही हेडर फाइल तर लागतेच. त्याखेरीज कंसात किंमत घेणाऱ्या मांडणीच्या फंक्शनांसाठी आयओमॅनिप, फाइलींसाठी एफस्ट्रीम आणि मजकुरातून वाचण्यासाठी एसस्ट्रीम याही जोडाव्यात.

आपल्याकडच्या अनेक विद्यार्थ्यांची या भाषेशी पहिली भेट टर्बो सी प्लस प्लसच्या निळ्या पडद्यावर झालेली असते, आणि त्यामुळे त्यांना हेडरच्या नावापुढे ‘डॉट एच’ लावण्याची सवय असते. ती पद्धत १९९८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या आधीची आहे. आजचा जीसीसीसारखा कम्पायलर वापरावा, हेडरचे नाव डॉट एच न लावता लिहावे आणि नावांच्या आधी ‘एसटीडी’ आणि दोन अपूर्णविराम (::) असा उपसर्ग द्यावा. पुढील काही वर्तणूक २०११ च्या मानकापासूनची असल्याने जुन्या कम्पायलरवर ती वेगळी दिसू शकते.

या लायब्ररीचा पहिला आराखडा बेल लॅब्जमध्ये भाषेचे जनक ब्यार्न स्ट्राउस्ट्रप यांनी केला. त्याची पुनर्रचना जेरी श्वार्झ यांनी केली, आणि बाणासारख्या दुहेरी चिन्हांच्या साखळीतच नियंत्रणाची आज्ञा ओवण्याची कल्पना, म्हणजे मॅनिप्युलेटर, अँड्र्यू कोनिग यांची. ओळीच्या मध्येच ‘फ्लश’ किंवा ‘हेक्स’ असा शब्द टाकून प्रवाहाचे वागणे बदलता येते, ते या कल्पनेमुळे.

पहिली पायरी: लिहिलेले पडद्यावर केव्हा पोहोचते

सोलापुरातून खेड्यांकडे जाणारी वडाप जीप रिकामी निघत नाही. जागा भरल्या की निघते. सी-आउटकडे दिलेली अक्षरेही अशीच आधी बफर नावाच्या जागेत बसतात आणि बफर भरला, किंवा निघण्याचा हुकूम आला, की एकदम पुढे जातात. प्रत्येक अक्षरासाठी ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारणे महाग असते, म्हणून ही व्यवस्था आहे. ‘फ्लश’ हा मॅनिप्युलेटर म्हणजे ‘बसले आहेत तेवढे घेऊन नीघ’ असा हुकूम. ‘एन्ड-एल’ दोन कामे करतो: नवी ओळ लिहितो आणि लगेच फ्लशही करतो. नव्या ओळीचे नुसते चिन्ह, म्हणजे उलटी तिरपी रेघ आणि एन हे अक्षर, यांतील पहिलेच काम करते.

नवशिके प्रत्येक ओळीच्या शेवटी एन्ड-एल लिहितात, कारण पुस्तकात तसे असते. दहा ओळींच्या प्रोग्राममध्ये त्याने काही बिघडत नाही. परंतु फाइलमध्ये लाखभर ओळी लिहिताना प्रत्येक ओळीला एन्ड-एल दिला, तर लाख वेळा जीप एकेका प्रवाशाला घेऊन धावते आणि प्रोग्राम कमालीचा मंदावतो. म्हणून नव्या ओळीचे चिन्ह वापरण्याची सवय लावावी आणि जेथे अक्षरे तातडीने पोहोचायलाच हवीत तेथेच फ्लश करावे.

अशी ठिकाणे कोणती, हे मी नुकसान सोसून शिकलो. गोदामाच्या नोंदी मी फ्लश न करता लिहीत होतो. एका संध्याकाळी वळवाच्या पावसात वीज गेली आणि त्या दिवसाच्या शेवटच्या काही नोंदी बफरमध्येच विरून गेल्या. तेव्हापासून एका मालाची संपूर्ण नोंद लिहून झाली की मी एकदा फ्लश करतो. नोंदीतल्या प्रत्येक रकान्यानंतर नव्हे. फ्लश केल्याने मजकूर आपल्या प्रोग्रामच्या हातून ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती जातो एवढीच खात्री मिळते, तो डिस्कवर कोरला गेल्याची नाही, हेही ध्यानात ठेवावे. प्रोग्राम नेहमीच्या मार्गाने संपला तर बफर आपोआप रिकामा होतो. अॅबॉर्टने किंवा अपघाताने कोसळला तर होत नाही.

येथे एक शंका येते. ‘नग किती?’ हा प्रश्न आपण फ्लश न करता लिहितो, तरी तो उत्तर देण्याआधी पडद्यावर कसा दिसतो? याचे कारण असे की सी-इन हा सी-आउटला बांधलेला असतो, आणि सी-इनमधून वाचण्यापूर्वी सी-आउट आपोआप फ्लश होतो. ही गाठ ‘टाय’ या फंक्शनच्या हाती असते. प्रोग्रामिंगच्या स्पर्धांच्या तयारीत वेग वाढवण्यासाठी ही गाठ सोडायला आणि सीच्या इनपुट-आउटपुटशी मेळ राखणाऱ्या ‘सिंक-विथ-एसटीडीआयओ’ला फॉल्स द्यायला शिकवतात. मोठे इनपुट झरझर वाचायचे असेल तर ते ठीक आहे. पण मग सीचे प्रिंटएफ आणि सी-आउट एकाच प्रोग्राममध्ये मिसळू नयेत, आणि माणसाशी संवाद करणाऱ्या प्रोग्राममध्ये ही गाठ अजिबात सोडू नये, कारण प्रश्न दिसण्याआधीच प्रोग्राम उत्तरासाठी थांबून बसेल.

चुकांचे संदेश सी-आउटकडे न देता सी-एररकडे द्यावेत. तो प्रत्येक लेखनानंतर लगेच फ्लश करतो. त्याचा भाऊ सी-लॉग तेथेच लिहितो, पण बफर वापरतो.

दुसरी पायरी: उरलेला एन्टर

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, म्हणून ते हौदात साठवून लागेल तसे काढले जाते; प्रत्येक तांब्यासाठी कोणी उजनी धरणाकडे धावत नाही. कीबोर्डचेही तसेच आहे. वापरणाऱ्याने एन्टर दाबला की संपूर्ण ओळ, एन्टरच्या चिन्हासकट, इनपुटच्या बफरमध्ये येऊन पडते, आणि प्रोग्राम तिच्यातून आपल्याला हवे तेवढेच काढून घेतो. बाकीचे तेथेच राहते.

आता गोदामाचा प्रोग्राम पाहू. मालाच्या नावात मोकळी जागा असू शकते, उदाहरणार्थ ‘मोठा टॉवेल’, म्हणून नाव संपूर्ण ओळ वाचणाऱ्या गेट-लाइनने वाचले. संख्या आणि दर दुहेरी बाणाने (>>) वाचले. पहिली फेरी सुरळीत जाते. दुसऱ्या फेरीत नाव विचारल्याबरोबर प्रोग्राम ते रिकामे समजून पुढे जातो. दुहेरी बाण सुरुवातीच्या मोकळ्या जागा आणि एन्टर ओलांडतो, आकडा उचलतो आणि आकड्यानंतरच्या एन्टरपाशी थांबतो, तो एन्टर उचलत नाही. गेट-लाइन मात्र काहीही ओलांडत नाही. समोरच एन्टर दिसला की ‘ओळ संपली’ असे समजून रिकामा मजकूर हाती देते.

यावर दोन उपाय आहेत. गेट-लाइनच्या आधी सी-इनला दुहेरी बाणाने ‘डब्ल्यूएस’ हा मॅनिप्युलेटर द्यावा. तो समोरच्या सगळ्या मोकळ्या जागा आणि एन्टर गिळतो. किंवा आकडा वाचल्यावर ‘इग्नोर’ वापरावे, ज्याला किती अक्षरांपर्यंत आणि कोणत्या चिन्हापर्यंत टाकून द्यायचे ते सांगता येते. कंसात काहीच दिले नाही तर इग्नोर एकच अक्षर टाकतो, आणि कोणी आकड्यामागे चुकून एक स्पेस दिली की तोच दोष परत येतो. म्हणून पहिल्या जागी लिमिट्स हेडरमधील न्यूमेरिक-लिमिट्सची स्ट्रीम-साइझ या प्रकारासाठीची कमाल मर्यादा आणि दुसऱ्या जागी नव्या ओळीचे चिन्ह द्यावे. त्याचा अर्थ ‘एन्टर येईपर्यंतचे सगळे, एन्टरसह, टाकून दे’ असा होतो.

सी भाषेकडून आलेले काही जण येथे सीच्या एफ-फ्लश या फंक्शनला एसटीडी-इन, म्हणजे कीबोर्डचा प्रवाह, देतात. सीच्या मानकानुसार इनपुट प्रवाहावर एफ-फ्लश चालवण्याचा परिणाम अनिश्चित आहे. एखाद्या कम्पायलरवर ते चालते म्हणून लॅबच्या जर्नलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या उतरवले गेले आहे, एवढेच.

तिसरी पायरी: चूक झाली हे विचारा, मग पुसा, मग कचरा काढा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असल्याने तिच्यावर अधिक वेळ घालवू.

प्रत्येक प्रवाहाजवळ तीन खुणा असतात. वाचताना मजकूर संपला तर ईओएफ-बिट लागतो. आकडा हवा असताना अक्षर सापडले, अशा प्रकारची चूक झाली तर फेल-बिट लागतो. आणि डिस्क किंवा यंत्रणेच्या पातळीवर गंभीर बिघाड झाला तर बॅड-बिट लागतो. त्यांची चौकशी करण्यासाठी ‘ईओएफ’, ‘फेल’, ‘बॅड’ आणि ‘गुड’ ही फंक्शने आहेत. ‘फेल’ हे फेल-बिट किंवा बॅड-बिट यांपैकी कोणताही एक लागलेला असेल तरी होकार देते. प्रवाहाचे नाव इफच्या कंसात नुसते लिहिले, तरी ‘फेल झालेला नाही ना?’ असाच प्रश्न विचारला जातो.

एकदा खूण लागली की प्रवाह पुढचे कोणतेही वाचन करीत नाही. कीबोर्डकडे पाहतही नाही, थेट अपयश परत करतो. मामांच्या बाबतीत नेमके हेच घडले. ‘१२ डझन’ या ओळीतून बारा हा आकडा संख्येसाठी व्यवस्थित वाचला गेला. ‘डझन’ बफरमध्ये उरला. पुढे दर वाचायला गेलेल्या सी-इनला आकड्याऐवजी ‘ड’ भेटला, फेल-बिट लागला आणि दराच्या व्हेरिएबलमध्ये शून्य पडले. (२०११ च्या मानकापूर्वी जुनीच किंमत तशीच राहत असे.) त्यानंतरच्या फेऱ्यांत गेट-लाइनने नाव बदलले नाही, संख्येची बारा बदलली नाही, दर शून्यच राहिला, आणि थांबण्यासाठीचे शून्य नावाच्या जागी कधी आलेच नाही.

आकडे देवनागरीत टाइप केले तरीही असेच होते, हे मराठी वापरणाऱ्यांसाठी प्रोग्राम लिहिताना विसरू नये. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि ‘१२’ देवनागरी आकड्यांत आले, तर दुहेरी बाण त्यांना अंक मानत नाही आणि पहिल्याच अक्षराला फेल-बिट लावतो.

सुधारणेचा क्रम ठरलेला आहे. प्रथम वाचन यशस्वी झाले का ते तपासावे. झाले नसेल तर ईओएफ लागला आहे का ते पाहावे. लागला असेल तर इनपुटच संपले आहे, पुन्हा विचारण्यात अर्थ नाही, म्हणून लूपमधून बाहेर पडावे. (विंडोजवर कंट्रोल-झेड आणि एन्टर, लिनक्सवर कंट्रोल-डी दाबून ही स्थिती आणता येते.) ईओएफ नसेल तर ‘क्लिअर’ने खुणा पुसाव्यात, मग वर सांगितलेल्या पूर्ण स्वरूपातील इग्नोरने ओळीतला उरलेला मजकूर टाकावा, आणि प्रश्न पुन्हा विचारावा.

क्लिअर आधी आणि इग्नोर नंतर, हा क्रम उलटवू नये. इग्नोर हेही एक वाचनच आहे, आणि खूण लागलेला प्रवाह वाचन करीत नाही. त्यामुळे आधी इग्नोर लिहिले तर ते काहीच टाकत नाही, आणि मग क्लिअरने खूण पुसल्यावर ‘डझन’ पुन्हा समोर उभा राहतो. ‘क्लिअर’ या नावामुळे बफर साफ होतो असाही समज होतो. तो बफरला स्पर्शही करीत नाही. फक्त खुणा पुसतो.

एवढे केले की प्रोग्राम बेभान होत नाही, आणि पुष्कळ पुस्तके येथेच थांबतात. माझ्या मते येथे थांबणे धोक्याचे आहे. प्रत्येक आकड्यानंतर ओळीचा उरलेला भाग इग्नोरने टाकणारा प्रोग्राम ‘१२ डझन’ हे उत्तर निमूटपणे स्वीकारतो, ‘डझन’ फेकून देतो आणि १४४ टॉवेलांच्या जागी बारा नोंदवतो. पडद्यावर काहीच वावगे दिसत नाही, आणि महिनाअखेरीस साठा जुळत नाही. धबधब्यासारखा कोसळणारा प्रोग्राम निदान चूक ओरडून सांगतो. हा तेवढेही करीत नाही.

म्हणून माणसाने टाइप केलेला आकडा सी-इनमधून थेट वाचूच नये. संपूर्ण ओळ गेट-लाइनने एका स्ट्रिंगमध्ये घ्यावी. त्या स्ट्रिंगवर आय-स्ट्रिंग-स्ट्रीम हा प्रवाह तयार करावा. त्याच्यातून आकडा वाचावा. आणि त्यानंतर त्याच्यातूनच आणखी एक शब्द वाचण्याचा प्रयत्न करावा. आकड्याचे वाचन यशस्वी आणि शब्दाचे वाचन अयशस्वी झाले, तरच उत्तर निर्भेळ आकडा होते असे मानावे; अन्यथा ‘फक्त नगांची संख्या इंग्रजी आकड्यांत लिहा’ असे सांगून पुन्हा विचारावे. या पद्धतीत उरलेल्या एन्टरचा प्रश्नच मिटतो, कारण गेट-लाइन एन्टर उचलून टाकते, आणि सी-इनवर आकड्यामुळे फेल-बिट कधी लागत नाही. लागला तर तो इनपुट संपल्याचाच असतो. हे सगळे ‘आकडा विचारा’ अशा एका वेगळ्या फंक्शनमध्ये बांधावे आणि संख्या व दर दोन्हींसाठी तेच वापरावे.

स्ट्रिंग-स्ट्रीम लूपच्या आत, दर फेरीला नवा घोषित करावा. बाहेर एकदाच घोषित करून पुन्हा वापरायचा असेल तर ‘एसटीआर’ने मजकूर बदलणे आणि क्लिअरने खुणा पुसणे ही दोन्ही कामे करावी लागतात, आणि नवशिके हमखास दुसरे विसरतात.

चौथी पायरी: मांडणी, आणि ती कोठवर टिकते

आता आउटपुटकडे वळू. बिलाची रक्कम ४८७५०.७५ रुपये आहे आणि ती सी-आउटला दिली, तर पडद्यावर ४८७५०.८ दिसते. रक्कम साडेबारा लाखांच्या आसपास, समजा १२३४५६७.५० गेली, तर १.२३४५७ई+०६ असे काहीतरी उमटते आणि कारखान्याचे मालक विचारतात की हे कोणत्या देशाचे रुपये. मूळ अचूकता सहा आहे, आणि ती दशांश चिन्हानंतरच्या अंकांची नसून एकूण सार्थ अंकांची आहे. ‘सेट-प्रिसिजन’ला दोन देऊन हे सुटत नाही, उलट ४८७५०.७५ चे ४.९ई+०४ होते. आधी ‘फिक्स्ड’ हा मॅनिप्युलेटर द्यावा लागतो. फिक्स्ड दिल्यावर सेट-प्रिसिजनचा अर्थ ‘दशांश चिन्हानंतर इतके अंक’ असा होतो आणि दोन्ही रकमा पैशांसह नीट दिसतात. प्रोग्रामच्या आरंभी एकदाच हे दोन्ही दिले तरी शेवटपर्यंत पुरते.

मांडणीचे बहुतेक मॅनिप्युलेटर चिकट आहेत: एकदा दिला की बदलेपर्यंत कायम. ‘हेक्स’ देऊन एखादा संकेतांक सोळाच्या पद्धतीत छापला आणि ‘डेक’ देऊन परत दहाच्या पद्धतीवर आलो नाही, तर पुढे शंभर नगांची संख्या ६४ अशी छापली जाते. त्याहून फसवा ‘सेट-फिल’. बिलाचा क्रमांक ००४२ असा दिसावा म्हणून भरण्याचे अक्षर शून्य ठेवले, तर त्याच प्रोग्राममध्ये नंतर छापलेल्या सर्व रकान्यांतील मोकळ्या जागा शून्यांनी भरतात, आणि ‘००००४८७५०.७५’ असे बिल ग्राहकाच्या हाती पडते. काम झाल्याबरोबर सेट-फिलला पुन्हा मोकळी जागा देऊन टाकावी.

याला एकच अपवाद आहे, ‘सेट-डब्ल्यू’. रकान्याची रुंदी ठरवणारा हा मॅनिप्युलेटर फक्त पुढच्या एका किमतीपुरता टिकतो आणि लगेच शून्यावर जातो. सगळे चिकट असताना हाच का विसराळू, असे विद्यार्थी विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. पण नियम असाच असल्याने प्रत्येक रकान्याच्या आधी तो नव्याने द्यावा. ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ हे डावी-उजवी बाजू ठरवणारे मॅनिप्युलेटर मात्र चिकटच आहेत.

मांडणी बदलणारे फंक्शन स्वतः लिहिले तर त्याने आल्या पावली सगळे पूर्ववत करून जावे. ‘फ्लॅग्ज’, ‘प्रिसिजन’ आणि ‘फिल’ ही फंक्शने कंसात काही न देता बोलावली की चालू किमती परत करतात. त्या आधी जपून ठेवाव्यात आणि शेवटी त्याच फंक्शनांना परत द्याव्यात.

देवनागरी नावांचा रकाना सेट-डब्ल्यूने सरळ होत नाही. तो अक्षरे मोजत नाही, बाइट मोजतो, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा धरून, तीन बाइट घेते. ‘चादर’ या शब्दात च, काना, द आणि र अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. ‘टॉवेल’मध्ये पाच चिन्हे, म्हणजे पंधरा. वीस रुंदीच्या रकान्यात ‘चादर’पुढे आठ मोकळ्या जागा येतात आणि ‘टॉवेल’पुढे पाच, डोळ्यांना मात्र दोन्ही शब्द तीन-तीन अक्षरांचे दिसतात, आणि पुढचे आकडे तीन घरे वाकडे होतात. मात्रा आणि जोडाक्षरे ओळखून रुंदी स्वतः मोजता येते, पण ते नवशिक्याचे काम नव्हे. मी साधा मार्ग धरला: क्रमांक, संख्या, दर आणि रक्कम हे आकड्यांचे रकाने सेट-डब्ल्यूने आधी छापायचे आणि मालाचे नाव ओळीच्या शेवटी ठेवायचे. शेवटच्या रकान्याला रुंदी लागत नाही. विंडोजच्या काळ्या खिडकीत अक्षरांऐवजी विचित्र चिन्हे दिसत असतील, तर प्रोग्राम चालवण्यापूर्वी ‘सीएचसीपी’ ही आज्ञा ६५००१ या आकड्यासह द्यावी आणि देवनागरी असलेला फाँट निवडावा.

पाचवी पायरी: फाइलमधील स्थान

ओ-एफ-स्ट्रीमने फाइल उघडताना पद्धत सांगितली नाही, तर आधीचा मजकूर पुसून फाइल कोरी होते. गोदामाच्या नोंदींसाठी ‘आयओएस-अॅप’ ही पद्धत द्यावी, म्हणजे प्रत्येक नोंद शेवटी जोडली जाते. फाइल उघडली की नाही हे पुढच्याच ओळीत इफने तपासावे, कारण न उघडलेल्या फाइलवरचे लेखन कोणतीही तक्रार न करता हवेत जाते.

महिन्याची बेरीज करण्यासाठी संख्या वाचताना ‘ईओएफ नाही तोवर फिरत राहा’ असे लूप लिहू नये. ईओएफ-बिट शेवट जवळ आल्यावर लागत नाही. शेवटाच्या पलीकडे वाचण्याचा प्रयत्न केल्यावर लागतो. फाइलच्या शेवटच्या आकड्यानंतर एन्टर असेल, तर तो आकडा वाचल्यावर खूण लागलेली नसते, लूप आणखी एकदा फिरते, वाचन फसते आणि शेवटचा आकडा बेरजेत दोनदा धरला जातो. एन्टर नसेल तर बेरीज बरोबर येते, आणि म्हणूनच हा दोष परीक्षेच्या वेळी लपतो. वाचनाची क्रियाच व्हाइलच्या कंसात लिहावी: वाचन यशस्वी झाले तरच आतले काम होईल.

एकदा शेवटपर्यंत वाचलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचायची असेल तर आधी क्लिअर आणि मग ‘सीक-जी’ला शून्य द्यावे. वाचनाचे स्थान सीक-जी हलवतो, लेखनाचे सीक-पी. ‘टेल-जी’ आणि ‘टेल-पी’ आपण कोठे आहोत ते सांगतात. विंडोजवर साध्या मजकुराच्या पद्धतीत नव्या ओळीचे एक चिन्ह फाइलमध्ये दोन बाइटांचे होते, म्हणून तेथे स्वतः बेरजा-वजाबाक्या करून स्थान काढू नये. टेल-जीने दिलेलेच स्थान परत वापरावे, किंवा फाइल ‘बायनरी’ पद्धतीने उघडावी.

प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी

संख्येच्या प्रश्नाला प्रथम इंग्रजी आकड्यांत बारा आणि पुढे ‘डझन’ लिहावे. प्रोग्रामने नोंद न करता पुन्हा विचारले पाहिजे. मग देवनागरीत ‘१२’ लिहावे. उत्तर तेच आले पाहिजे. मग नुसता एन्टर दाबावा. मग बारानंतर दोन स्पेस देऊन एन्टर दाबावा. ही नोंद मात्र स्वीकारली गेली पाहिजे, आणि त्यानंतर विचारलेले पुढच्या मालाचे नाव रिकामे येता कामा नये. शेवटी कंट्रोल-झेड किंवा कंट्रोल-डी दाबावे. प्रोग्राम शांतपणे थांबला पाहिजे, आणि फाइल उघडून पाहिल्यावर तीत एकच नवी ओळ, बारा नगांची, असली पाहिजे. मामांकडे आता हीच आवृत्ती चालते. त्यांनी पहिल्या दिवशी पुन्हा ‘डझन’ लिहून पाहिले, पडद्यावरचा संदेश वाचला आणि चौकटीत १४४ टाइप केले.